विद्यापीठाची नवी प्रणाली आणि डोंगरावरचा विद्यार्थी

(राजुरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गात काल सकाळपासून वनहक्काचे दावे, कापसाचा भाव आणि कोळसा खाणींसाठी गेलेल्या जमिनींचा मोबदला या प्रश्नांवर चर्चा झाली. हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी आपण मोर्चे काढले, धरणी धरली, प्रसंगी तुरुंगातही गेलो. त्यांच्या पाठोपाठ विद्यापीठाच्या संगणकीय प्रणालीवर बोलण्यासाठी मी उभा राहिलो आहे, तेव्हा तुमच्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की हा विषय प्राध्यापकांचा आणि तंत्रज्ञांचा आहे, त्याचा आपल्याशी काय संबंध? तो संबंध कसा आहे हे दाखवणे, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

सुरुवात एका साध्या हकिकतीने करतो. जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगरावरील एका गुड्यावरची मुलगी राजुऱ्याला राहून बी. ए. करते. परीक्षेचा अर्ज आता कागदावर भरावयाचा नसतो, तो प्रणालीत भरावा लागतो. प्रणालीत शिरण्यासाठी मोबाईलवर एक सांकेतिक आकडा येतो, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, आणि तो काही मिनिटांत बाद होतो. मुलीच्या नावावर नोंदवलेला मोबाईल बापाचा. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. दिवसभर तो शेतात आणि मोबाईल पालात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ही मुलगी झेरॉक्सच्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. आकडा बापाच्या मोबाईलवर येत राहिला आणि बाद होत राहिला. शेवटी विलंब शुल्क भरून, दुकानदाराची मजुरी देऊन, चार दिवसांनी अर्ज गेला. विलंब शुल्काची ती रक्कम बापाच्या मजुरीतूनच वजा झाली, हे सांगायला नको.

मित्रहो, या हकिकतीत कोणी दुष्ट मनुष्य नाही. कोणा कारकुनाने तिच्याकडे लाच मागितली नाही, कोणा प्राध्यापकाने तिला हाकलून दिले नाही. म्हणूनच ती गंभीर आहे. जेथे दुष्ट मनुष्य असतो तेथे त्याला घेराव घालता येतो. परंतु ज्याने ही प्रणाली आखली त्याने एक विद्यार्थी मनात धरला होता. त्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा मोबाईल होता, घरी वीज होती, इंग्रजी वाचण्याची सवय होती आणि त्याचा बाप संध्याकाळी घरी परतत होता. आमची मुलगी आखणाऱ्याच्या मनातच नव्हती. विषमता आज अशी येते. ती दारावर पाटी लावून येत नाही, ती दाराच्या मापातच घडवलेली असते.

आता ही प्रणाली म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घेऊ. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक आहे कारभाराची प्रणाली. प्रवेश, शुल्क, परीक्षेचे अर्ज, गुणपत्रिका, नोकरवर्गाची माहिती हे सारे तीत येते. दुसरी आहे अध्ययनाची प्रणाली. प्राध्यापकांची टिपणे, ध्वनिचित्रफिती, स्वाध्याय, चाचण्या, हजेरी आणि प्रश्नोत्तरे हे सारे तीत येते. पहिली म्हणजे विद्यापीठाची कचेरी, दुसरी म्हणजे विद्यापीठाचा वर्ग. गेली काही वर्षे दोन्हींमध्ये मोठी घालमेल चालू आहे. महाराष्ट्रात या शतकाच्या आरंभापासून अनेक विद्यापीठांची कचेरी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या प्रणालीवर चालत असे. हे महामंडळ २००१ साली स्थापन झाले. अलीकडच्या वर्षांत राज्यातील अकृषी विद्यापीठांना 'समर्थ' नावाच्या प्रणालीकडे वळवण्यात आले. ही प्रणाली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात तयार झाली. वर्गाच्या बाजूने पाहिले तर २०१७ साली केंद्राने 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला तेथून पूर्ण करता येतात. नव्या शैक्षणिक धोरणाची श्रेयांकांची पद्धत तर अशा प्रणालीवाचून चालूच शकत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २७ सप्टेंबर २०११ रोजी स्थापन झालेले आपले गोंडवाना विद्यापीठ या लाटेपासून अलिप्त राहील, असे मानण्याचे कारण नाही. प्रणाली एकदा बदलली, पुन्हा बदलेल, आणि दर बदलाच्या वेळी हजारो मुलांना नव्या दाराशी उभे राहावे लागेल.

अशा वेळी घाईने काय होते, याचा धडा मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दिला आहे. परीक्षा तोंडावर आल्या असताना सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. उत्तरपत्रिका सुमारे सतरा लाख. प्राध्यापकांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते आणि यंत्रणा पुरती तपासून घेतलेली नव्हती. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, ती उलटली, आणि निकाल त्यानंतरही रखडत राहिले. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश आणि नोकऱ्या यांची वाट पाहणाऱ्या मुलांचे नुकसान झाले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या, देशातल्या सर्वांत जुन्या तीन विद्यापीठांपैकी एका विद्यापीठाची ही गत. मुंबईत निदान वर्तमानपत्रे होती, वाहिन्यांचे कॅमेरे होते, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर होते. हीच गोष्ट सिरोंच्याच्या मुलांबाबत घडली तर तिची बातमी किती दिवसांनी होईल?

आता मी प्रतिपक्षाची बाजू मांडतो, कारण तीत तथ्य आहे. २०११ पूर्वी आपले विद्यापीठ नागपूरला होते. गुणपत्रिकेवरील नावातली एक वेलांटी दुरुस्त करण्यासाठी सिरोंच्याच्या वा भामरागडच्या मुलाला दोन-तीन दिवसांचा प्रवास करावा लागे आणि तेथे जाऊन "उद्या या" हे शब्द ऐकावे लागत. विद्यापीठ गडचिरोलीला आले तरी सिरोंच्यापासून ते सुमारे दोनशे किलोमीटर, आणि आपल्या राजुऱ्यापासूनही शंभरेक किलोमीटर दूर आहेच. ही खेप प्रणालीने वाचत असेल तर तिचे स्वागत केले पाहिजे. पुण्याच्या उत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान गडचांदूरच्या मुलाला फुकट ऐकता येत असेल तर ते समाजवादाच्या विरोधात नाही, समाजवादाच्या बाजूचे आहे. आपल्या देशातील कामगार संघटनांनी १९६० च्या आणि १९८० च्या दशकांत विमा आणि बँकांमधील संगणकांना विरोध केला. त्यांचा प्रश्न खरा होता: यंत्राचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला? परंतु प्रश्न विचारण्याऐवजी यंत्रच नाकारले, तेव्हा यंत्र आलेच आणि प्रश्न मात्र मागे पडला. ती चूक आपण पुन्हा करू नये. यंत्राला विरोध हा आपला पवित्रा नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, कोणाच्या भाषेचे आणि कोणाच्या निर्णयाने आलेले, हे विचारणे हा आपला पवित्रा आहे. या तीन प्रश्नांचा मी क्रमाने विचार करतो.

पहिला प्रश्न मालकीचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या मध्यास एका संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने 'वेबसीटी' नावाची अध्ययन-प्रणाली घडवली. ती सार्वजनिक विद्यापीठात जन्मली आणि जगभर पसरली. १९९९ साली ती एका खासगी कंपनीकडे गेली. २००६ साली त्या कंपनीला 'ब्लॅकबोर्ड' या तिच्या प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनीने गिळंकृत केले, आणि कालांतराने वेबसीटी हे नावही उरले नाही. ज्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षे आपले पाठ तीत रचले होते, त्यांना ते नव्या मालकाच्या घरी हलवावे लागले. त्याच २००६ साली ब्लॅकबोर्डने अशा प्रणालीच्या मूळ कल्पनेवरच पेटंट मिळवून दुसऱ्या एका कंपनीला न्यायालयात खेचले. शिक्षकाने फळ्यावर लिहिणे आणि विद्यार्थ्याने ते उतरवून घेणे यावर जणू सातबारा काढावा, तसा हा प्रकार! २००९ साली अमेरिकेच्या अपिली न्यायालयाने तिचे दावे अग्राह्य ठरवले, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि ते आपल्यासारख्या दुर्गम मुलखातून आले आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील वाळवंटात शाळा नसलेल्या वस्तीवर एक मुलगा वाढला. त्याचे धडे रेडिओवरून येत आणि पुस्तके विमानातून टाकली जात. हा मुलगा म्हणजे मार्टिन डूगियामास. मोठेपणी, पर्थ येथील विद्यापीठात काम करीत असताना, त्याने 'मूडल' नावाची प्रणाली लिहिली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली आली. तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. कोणीही ती फुकट घ्यावी, आपल्या संगणकावर बसवावी, आपल्या भाषेत उतरवावी, तीत बदल करावा. जगातील हजारो शिक्षणसंस्था ती वापरतात. तिच्यावरील पाठ महाविद्यालयात एकदा मोबाईलवर उतरवून घेतले की घरी इंटरनेटवाचून वाचता येतात. दूर राहणे म्हणजे काय हे ज्याला माहीत होते त्याने घडवलेल्या वस्तूत ते कळते.

येथे एक सावधगिरीची सूचना. प्रणाली सरकारी आहे, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. खासगी मालकापेक्षा सरकारी मालक बरा, हे मान्य. पण दिल्लीहून चालणारी प्रणाली राजुऱ्याच्या मुलीची अडचण कोणाकडे आणि किती दिवसांत ऐकून घेते, हा प्रश्न उरतोच. आणखी एक गोष्ट. प्रणालीत साठलेली माहिती ही संपत्ती आहे. कोणता विद्यार्थी कोणत्या जातीचा आणि जमातीचा, त्याचे बँकेचे खाते कोणते, तो कधी नापास झाला, रात्री किती वाजता अभ्यासाला बसला, हे सारे तीत असते. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही, हे वनहक्क कायद्याच्या अनुभवावरून या सभागृहात बसलेल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार राजुऱ्याइतका फार थोड्या गावांना असेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. निजामी अमलात येथील मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे महत्त्व इतिहासाने मान्य केले आहे. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती, आणि ज्ञानाचा दरवाजा प्रजेच्या भाषेत उघडत नव्हता. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून त्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला, ही गोष्टही या निमित्ताने आठवावी. एका विद्यापीठाने बंद केलेले दार दुसऱ्याने उघडले होते.

आज निजाम नाही, राज्य आपले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. त्या अभिजात भाषेत परीक्षेचा अर्ज आणि त्यावरच्या सूचना मिळाव्यात, ही फार मोठी अपेक्षा आहे का? आमची मुले बी. ए.चा पेपर मराठीतून लिहितात. पण तो पेपर लिहिण्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना 'सबमिट', 'व्हेरिफाय', 'पेंडिंग' आणि 'सेशन एक्स्पायर्ड' या परीक्षेत आधी उत्तीर्ण व्हावे लागते. गोंडी आणि कोलामी तर दूरच राहिल्या. निदान मराठीत सूचना असाव्यात आणि गोंडी, कोलामी, तेलुगू बोलणारा मदतनीस महाविद्यालयात बसावा, एवढी सोय करणे अवघड नाही. इच्छा असेल तर भाषेचे काम होते. मुंबईच्या आयआयटीने संगणक शिकवणारे 'स्पोकन ट्युटोरियल' पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले आहेत.

तिसरा प्रश्न निर्णयाचा. आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा होता. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. त्याला लागणारा कोळसा याच जिल्ह्याच्या पोटातून निघतो. साऱ्या राज्याचे संगणक ज्या विजेवर चालतात तीत आपल्या भूमीचा वाटा आहे. आणि डोंगरावरच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की ती कधी परतेल हे कोणी सांगू शकत नाही. जोतीरावांचा मुद्दा एकशे चाळीस वर्षांनंतर तारेवाटे आपल्या घरी परत आला आहे.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पंच्याहत्तराव्या फेरीत ग्रामीण भारतातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली, शहरांत ती ४२ टक्के होती. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत होता. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरले, हे खरे. पण घरात मोबाईल असणे आणि मुलीच्या हातात तो असणे यांत अंतर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यातही कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३८ टक्के आणि पुरुष ६१ टक्के निघाले. तेव्हा 'सर्वांसाठी एकच प्रणाली' या घोषणेत समता दिसते, पण सर्वांना एकाच रेषेवर उभे करून धावायला सांगणे ही समता नव्हे. काहींच्या पायांत बेड्या आहेत, हे आधी पाहावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत हे साऱ्या जगाने पाहिले. केरळमध्ये त्या वर्षी १ जूनला दूरचित्रवाणीवरून शाळांचे वर्ग सुरू झाले आणि ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच वा मोबाईल नाही अशा मुलांचा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे आला. तेथे वाचनालये, स्थानिक संस्था आणि संघटना यांनी वस्त्यावस्त्यांत सामायिक अभ्यासकेंद्रे उभी केली. हे काम केवळ सरकारने केले नाही, लोकांनी केले, हे ध्यानात ठेवा. कारण त्याकडे मी शेवटी येणार आहे.

दूर राहणाऱ्याला शिकवण्याचा अनुभव महाराष्ट्राला नाही, असेही नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा इंटरनेट नव्हते. त्या विद्यापीठाने स्वतःहून वाचता येतील अशी मराठी पुस्तके छापली, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली, सुटीच्या दिवशी मार्गदर्शनाचे वर्ग ठेवले. गिरणीतला कामगार, अंगणवाडीतली सेविका आणि शेतकरी त्यातून पदवीधर झाले. त्या पद्धतीतही दोष होते. पण विद्यार्थी दूर आहे हे धरूनच ती आखलेली होती. आपल्याच गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम हाती घेतला, तोही याच जातीचा. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांच्या गावात जाऊन पदवीचे वर्ग घ्यावयाचे, अशी त्याची कल्पना आहे. जे विद्यापीठ गावापर्यंत चालत जाऊ शकते, त्याची प्रणालीही गावापर्यंत गेली पाहिजे, अशी मागणी आपण हक्काने करू शकतो.

आणि निर्णय कसा घ्यावा, याचा धडाही आपल्याच मुलखात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. त्या गावाने वर्षानुवर्षे दोन गोष्टी सांभाळल्या: अभ्यासगट आणि सर्वसहमती. आधी प्रश्नाचा अभ्यास करावयाचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावून माहिती घ्यावयाची, पण निर्णय ग्रामसभेत सर्वांनी मिळून घ्यावयाचा. पदव्यांच्या दृष्टीने फार शिकलेले नसलेले गाव हे करू शकते, तर पदव्या देणाऱ्या विद्यापीठाला ते का जमू नये? आज होते असे की परिपत्रक निघते, अमुक तारखेपासून सारे नव्या प्रणालीवर येते, आणि प्राध्यापक व विद्यार्थी या दोघांनाही ते एकाच दिवशी कळते. त्यातला अर्धा प्राध्यापकवर्ग तासिका तत्त्वावर राबणारा. त्याला शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. प्रणालीत पाठ चढवण्यात आणि मुलांचे अर्ज दुरुस्त करण्यात गेलेल्या रात्रीचे पैसे कोण देणार? उद्या त्याचे व्याख्यान एकदा मुद्रित झाले की पुढच्या वर्षी त्याची गरज उरली नाही, असे त्याला सांगितले गेले तर? ध्वनिचित्रफीत शिक्षकाला मदत करील, त्याची जागा घेऊ शकणार नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला माहितीइतकीच आधाराची गरज असते, आणि तो आधार माणूसच देतो.

म्हणून मी आपल्यापुढे पाच मागण्या ठेवतो. त्यांवर चर्चा व्हावी, दुरुस्त्या व्हाव्यात, आणि मग त्या आपल्या सर्वांच्या व्हाव्यात.

पहिली मागणी: कोणतीही नवी प्रणाली एकदम लागू करू नये. एक पूर्ण सत्र जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालावी, आणि कागदी अर्जाची वाट दुर्गम भागातील विद्यार्थ्यांसाठी उघडी राहावी.

दुसरी: प्रणालीच्या वा जाळ्याच्या दोषामुळे मुदत हुकली तर विलंब शुल्क घेऊ नये. दोष यंत्राचा आणि दंड मुलाचा, हा न्याय नव्हे.

तिसरी: अर्ज, सूचना आणि मदत मराठीत असावी. प्रत्येक महाविद्यालयात मोफत मदतकेंद्र असावे, आणि ज्याच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही त्याची ओळख प्राचार्यांच्या सहीने पटवण्याची सोय असावी.

चौथी: अध्ययनाची प्रणाली खुल्या आराखड्याची असावी. पाठ उतरवून घरी इंटरनेटवाचून वाचता यावेत. विद्यार्थ्यांच्या माहितीची मालकी विद्यापीठाकडेच राहावी आणि करार संपल्यावर ती पूर्णपणे परत मिळेल, असे करारातच लिहिलेले असावे.

पाचवी: हा निर्णय बंद खोलीत होऊ नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभा दिली आहे, विद्या परिषद दिली आहे, माहिती तंत्रज्ञान मंडळही दिले आहे. करार आणि खर्च अधिसभेपुढे मांडला जावा. अधिसभेत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यांच्या निवडणुकीत किती कार्यकर्त्यांनी आपले नाव मतदार म्हणून नोंदवले आहे, हे आज प्रत्येकाने स्वतःला विचारावे. जे मतपेटीपाशी जात नाहीत त्यांना परिपत्रकाविरुद्ध ओरडण्याचा अधिकार असतो, पण त्यांच्या ओरडण्यात जोर नसतो.

मागण्या झाल्या. आता आपले काम. संघर्ष आणि रचना ही आपल्या चळवळीची दोन पावले आहेत, आणि एका पावलावर फार दूर जाता येत नाही. राजुरा, कोरपना आणि जिवती या तीन तालुक्यांत आपले किती कार्यकर्ते आहेत, याची गणती आपणच काल केली. त्यांतील प्रत्येकाने आपल्या गावातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. कोणाकडे मोबाईल आहे, कोणाच्या नावावर तो नोंदला आहे, अर्जाची मुदत कोणत्या तारखेला आहे, हे त्या यादीत असावे. आपल्या कार्यालयात दोन जुने संगणक आणि एक छपाईचे यंत्र ठेवले आणि परीक्षेच्या अर्जांच्या दिवसांत दोन शिकलेली मुले संध्याकाळी तेथे बसली, तर शेकडो मुलांची दुकानदाराला द्यावी लागणारी मजुरी वाचेल. आणि ज्या अडचणी तेथे नोंदल्या जातील, त्यांची वही हीच अधिसभेपुढे ठेवण्याची आपली साक्ष होईल. नुसते भाषण कुलगुरूंना खोडता येते. तारीख, गाव आणि अडचण लिहिलेली वही खोडता येत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीकडे पुन्हा वळतो. ती परीक्षेला बसली. पुढच्या सत्रात तिचा बाप पुन्हा मिरची तोडायला जाणार आहे, आणि अर्जाची मुदत पुन्हा त्याच महिन्यात येणार आहे. प्रणाली तोवर बदलली असेल की नाही, ते मला सांगता येत नाही. पण त्या दिवशी ती झेरॉक्सच्या दुकानात एकटी बसलेली नसेल, एवढे आपण आजच ठरवू शकतो. ते ठरवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.